लोणारचे गुलाबी पाणी

२०२० सालच्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या गावाहून एक विलक्षण वार्ता सर्वत्र पसरली. गावाशेजारच्या प्रसिद्ध सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते! एरवी हिरवट दिसणारे ते पाणी थोड्याच दिवसांत पालटले आणि कोणी त्यात गुलालाची पोती रिती करावीत तसे दिसू लागले. वर्तमानपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. ज्यांनी लोणारचे नावही ऐकले नव्हते, ते नकाशात लोणार शोधू लागले.

नवलाच्या बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. ती एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते, आणि प्रत्येक तोंडात तिला थोडे तिखटमीठ लागते. पण नुसते आश्चर्य करून स्वस्थ न बसता ‘हे असे का झाले?’ असा प्रश्न विचारणारी माणसेही जगात असतात. लोणारच्या बाबतीत हा प्रश्न फार जुना आहे. हे पाणी खारट का? हा खळगा पडला कसा? या गावाला हे नाव का मिळाले? गुलाबी रंगाचे कोडे सोडवायचे, तर या जुन्या प्रश्नांच्या वाटेनेच जावे लागते.

प्रथम सरोवराची ओळख करून घेतली पाहिजे. सपाट, काळ्या जमिनीतून चालत असता एकाएकी पायांखालची भूमी संपते आणि समोर एक प्रचंड वाटोळा खळगा दिसतो. एखादे थोरले वाडगे जमिनीत पुरून ठेवावे, तसे हे विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठाकाठाने पूर्ण प्रदक्षिणा घालायची, तर साडेपाच किलोमीटरांहून अधिक चाल होते. त्याची खोली सुमारे १५० मीटर, म्हणजे पन्नास मजल्यांच्या इमारतीएवढी आहे. उतारावर दाट झाडी आहे. झाडीत मोर हिंडतात. ठिकठिकाणी जुनी देवळे उभी आहेत. आणि अगदी तळाशी आरशासारखे पसरलेले ते सरोवर आहे.

आता लोणार या नावाकडे वळू या. तेथील आख्यायिका अशी, की या ठिकाणी लवणासुर नावाचा एक दैत्य जमिनीखालच्या गुहेत राहत असे. त्याने लोकांना फार छळले. तेव्हा विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याने त्या गुहेवरचे झाकण उडवून दिले आणि लवणासुराचा वध केला. ते झाकण दूर जाऊन पडले व त्याची टेकडी झाली. सरोवराचे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त, अशीही समजूत आहे. लोणार गावातील दैत्यसूदनाचे सुंदर कोरीव मंदिर या कथेची आठवण करून देते.

कथेतला दैत्य कोणी पाहिलेला नाही; परंतु त्याच्या नावात एक खरी गोष्ट दडलेली आहे. लवण म्हणजे मीठ. या लवणाचेच मराठीत ‘लोण’ झाले. ज्यांनी प्रथम या सरोवराचे पाणी ओंजळीत घेऊन चाखले असेल, त्यांनी त्याची चव नावात जपून ठेवली. शास्त्रज्ञांनी पाण्याची तपासणी करण्याच्या कितीतरी आधी भाषेने ती करून ठेवली होती!

हे ‘लोण’ मराठीत आणखी कोठे कोठे लपून बसले आहे, हे पाहणे मोठे मौजेचे आहे. मीठ लावून टिकविलेली कैरी ती ‘लोणचे’ होते. ज्या भाजीत मीठ घालायचे राहिले, ती ‘अळणी’, म्हणजे मुळातली ‘अलवण’ होय. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून आजी ‘निंबलोण’ उतरते. त्यात कडुनिंबाचा पाला आणि मीठ अशी दोघांची जोडी आहे. इतकेच काय, ‘लावण्य’ हा सौंदर्याचा शब्दही लवणापासूनच निघाला आहे. मिठावाचून जेवणाला चव नाही, तसेच या गुणावाचून रूपाला गोडी नाही, असे जुन्या लोकांना वाटले असावे.

मात्र शब्दांच्या साक्षीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘लोणी’ हा शब्द ऐकताच कोणीही म्हणेल, की हादेखील लोणच्याचा भाऊ असला पाहिजे. पण तसे नाही. ताज्या लोण्याला संस्कृतात ‘नवनीत’ म्हणतात. त्या नवनीताचा उच्चार बोलता बोलता घासत गेला आणि त्याचे ‘लोणी’ झाले. लोण्यात लवण नाही; दोघांची तोंडे तेवढी सारखी दिसतात.

याहून मोठी गंमत खुद्द ‘मीठ’ या शब्दाची आहे. मराठी माणूस ज्याला मीठ म्हणतो ते खारट असते. आणि हिंदी माणूस ज्याला ‘मीठा’ म्हणतो ते गोड असते. दोन्ही शब्द मात्र एकाच घरचे आहेत. जे रुचकर लागते, ते मिष्ट. एका भाषेने ते नाव गोडाला दिले, तर दुसऱ्या भाषेने ज्याच्यामुळे अन्नाला रुची येते त्या पांढऱ्या खड्याला दिले. म्हणूनच मराठीत मिठागरात मीठ असते, पण मिठाईत मीठ नसते, आणि मिष्टान्नाच्या ताटात लोणच्याची फोड एका बाजूला बसते! तसेच विहिरीच्या पाण्याला ‘गोडे पाणी’ म्हणतात. पण त्यात कोणी साखर घातलेली नसते. ते खारट नाही, एवढाच त्याचा गोडवा.

लोणारला ही दोन्ही पाणी शेजारी शेजारी नांदतात. विवराच्या काठावर ‘धार’ नावाचा गोड्या पाण्याचा झरा अखंड वाहत असतो. यात्रेकरू तेथे स्नान करतात. हेच गोडे पाणी उतरून तळाच्या सरोवरात गेले, की तेथील खाऱ्या पाण्यात मिसळून जाते. असे का होते? याचे उत्तर विवराच्या आकारात आहे. या वाडग्यात पाणी येण्याच्या वाटा अनेक आहेत, पण बाहेर पडण्याची एकही वाट नाही. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी खडकांतून व मातीतून येताना थोडे थोडे क्षार विरघळवून आणते. मग सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होऊन ती आकाशात निघून जाते. क्षार मात्र जागच्या जागी राहतात. मिठाचे पाणी पातेल्यात घालून चुलीवर उकळत ठेवावे आणि वरून सारखे थोडे थोडे पाणी ओतत राहावे, तर काही वेळाने काय होईल? पातेल्यातील मीठ वाढतच जाईल. निसर्गाने हा उद्योग लोणारला हजारो वर्षे चालविला आहे.

या पाण्यात नुसते खाण्याचे मीठच नाही, तर धुण्याचा सोडाही आहे. त्यामुळे ते बोटांना साबणाच्या पाण्यासारखे बुळबुळीत लागते. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे ज्या अंकाने मोजतात त्याला ‘सामू’ म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. लोणारच्या पाण्याचा सुमारे १० भरतो. हा फरक तीनच अंकांचा दिसतो खरा; पण सामूची प्रत्येक पायरी दहा पटींची असते. म्हणजे हे पाणी शुद्ध पाण्यापेक्षा सुमारे हजार पट अधिक अल्कधर्मी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलाने लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात, लोणारच्या परिसरात काच व साबण बनविण्यास लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद आहे. अकबर बादशहाच्या दरबारापर्यंत ज्याची कीर्ती गेली, ते हेच सरोवर!

पाणी खारे का, हे समजले. पण हा खळगा पडला कसा? १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाकडे लक्ष वेधले. पुढे भूवैज्ञानिकांची ये-जा सुरू झाली. पुष्कळांचे मत असे पडले, की हे जुन्या ज्वालामुखीचे तोंड असावे. हा तर्क वेडगळ नव्हता. लोणारच्या भोवतीचा काळा कठीण खडक, ज्याला बेसॉल्ट म्हणतात, तो पृथ्वीच्या पोटातून आलेल्या लाव्हारसाचाच बनलेला आहे. सह्याद्री आणि दख्खनचे पठार याच खडकाने घडले आहे. जेथे लाव्हा आहे, तेथे ज्वालामुखी असणार, असे म्हणणे स्वाभाविक होते.

परंतु १८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने या विवराचे अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातल्या एका विवराशी असलेले साम्य दाखविले. ॲरिझोनातील ते विवर आकाशातून पडलेल्या अशनीमुळे झाले, असे कालांतराने सिद्ध झाले. मग लोणारचेही तसेच असेल काय? शंका आली, तरी पुरावा हवा होता. तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी विवराच्या तळाशी खोल छिद्रे पाडून खालचे खडक वर काढले. त्या खडकांतील काही खनिजांची काच झालेली त्यांना आढळली. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. नुसत्या उष्णतेने ती होत नाही. त्यासाठी क्षणार्धात बसणारा भयंकर दाब लागतो. एवढा दाब कोणत्याही ज्वालामुखीत निर्माण होत नाही. आकाशातून प्रचंड वेगाने येऊन आदळणारा दगडच तो निर्माण करू शकतो.

वयाचा हिशेबही ज्वालामुखीच्या विरुद्ध गेला. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला व थंड झाला. विवर मात्र त्या मानाने कालचे आहे. ते सुमारे ५२,००० वर्षांपूर्वीचे असावे, असे बरीच वर्षे मानले जात होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अधिक काटेकोर मोजणी केली, तेव्हा ते वय सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. म्हणजे अशनी आदळला, तेव्हा येथील ज्वालामुखी थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षे लोटली होती.

बेसॉल्ट खडकात अशनीच्या आघाताने पडलेली विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. आणि त्यांत लोणारइतके चांगले टिकलेले दुसरे विरळाच. चंद्रावरील काळसर सपाट प्रदेशही बेसॉल्टचेच आहेत आणि त्यांवर अशनींनी पाडलेली असंख्य विवरे आहेत. म्हणून ज्यांना चंद्राचा अभ्यास करावयाचा असतो, असे दूरदूरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. चंद्राचा एक लहानसा तुकडा जणू विदर्भात येऊन राहिला आहे!

आता गुलाबी रंगाकडे परत येण्यास हरकत नाही. इतक्या खाऱ्या व बुळबुळीत पाण्यात कोण राहणार, असे वाटते. पण हे पाणी निर्जीव नाही. त्यात निळे-हिरवे शैवाल विपुल वाढते. एरवी सरोवराला हिरवा रंग येतो तो त्यामुळेच. मग जून २०२० मध्ये हा नवा रंगारी कोठून आला?

वनविभागाने सरोवरातील पाण्याचे नमुने घेतले आणि ते नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठविले. जगात अन्यत्र काही खारी सरोवरे गुलाबी होतात, त्याला ड्युनालिएला नावाचे शैवाल कारण असते. म्हणून पहिला संशय त्याच्यावर गेला. पण तपासणीत खरा रंगारी निराळाच निघाला. तो होता हॅलोआर्किया नावाचा सूक्ष्मजीव. पुण्याच्या प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसून आली. पाणी स्थिर ठेवले, तेव्हा हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी स्वच्छ, रंगहीन झाले. म्हणजे पाणी गुलाबी झालेच नव्हते! गुलाबी होते ते पाण्यातील असंख्य जीव. एक एक जीव डोळ्यांना दिसत नाही. पण अगणित जीव एकत्र आले, की साऱ्या सरोवराचा रंग पालटतो.

या जिवाच्या नावातील ‘हॅलो’ म्हणजे दूरध्वनी उचलताना म्हणतात तो हॅलो नव्हे. मीठ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो आला आहे; आणि ‘आर्किया’ म्हणजे पुरातन. जिवाणूंसारखे दिसणारे हे जीव वस्तुतः एका वेगळ्याच कुळातील आहेत, हे १९७७ मध्ये शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. हॅलोआर्कियांना मीठ जितके अधिक तितके सुख अधिक. साध्या गोड्या पाण्यात ते फुटून मरतात. त्यांच्या अंगी असलेला लालसर रंग त्यांचे प्रखर उन्हापासून रक्षण करतो. म्हणजे ती त्यांची छत्रीच होय. २०२० च्या उन्हाळ्यात सरोवरातील पाणी बरेच आटले होते. पाणी कमी झाले, तसे त्यातील क्षारांचे प्रमाण वाढले आणि या लवणप्रेमी जिवांचे फावले. पावसाचे गोडे पाणी मिळाले, की क्षारांचे प्रमाण उतरते आणि त्यांचे राज्यही ओसरते.

असे रंगकाम केवळ लोणारलाच होते असे नाही. ऑस्ट्रेलियातील हिलिअर सरोवर आपल्या गुलाबी रंगासाठी प्रसिद्ध आहे. मिठागरांच्या वाफ्यांतही पाणी फार आटले, की त्यावर तांबूस छटा येते. आणि हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत हजारोंच्या संख्येने उतरणारे रोहित पक्षी, ज्यांना अग्निपंख असेही म्हणतात, ते तरी गुलाबी का असतात? त्यांची पिल्ले जन्मतः करड्या रंगाची असतात. खाऱ्या पाण्यातील शैवाल व सूक्ष्मजीव यांतील रंगद्रव्ये अन्नावाटे त्यांच्या पोटात जातात आणि हळूहळू पिसांत उतरतात. पक्ष्याच्या पंखावरील गुलाबी आणि सरोवराच्या पाण्यावरील गुलाबी हे दोन्ही रंग जवळच्या नात्यातील आहेत.

लवणासुराच्या कथेने सरोवराला रक्त दिले होते. विज्ञानाने त्या जागी डोळ्यांना न दिसणारे पुरातन जीव आणून बसविले. यामुळे नवल कमी झाले काय? मुळीच नाही. आकाशातून पडलेला एक दगड, त्याने पाडलेला खळगा, त्या खळग्यात साठत गेलेले मीठ आणि त्या मिठावर जगणारे गुलाबी जीव ही साखळी कोणत्याही दैत्यकथेपेक्षा अधिक विस्मयकारक आहे. शिवाय ती कोणालाही तपासून पाहता येते.

परंतु ही साखळी नाजूकही आहे. सरोवराचे सारे वैभव त्याच्या खारटपणावर उभे आहे. वस्तीतील सांडपाणी अथवा शेतातील खतांचे पाणी त्यात उतरत राहिले, तर पाण्याचा गुणधर्म बदलेल. आणि पाणी बदलले, तर त्यातील जीव नाहीसे होतील. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणार सरोवराला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतर असा मान मिळविणारी महाराष्ट्रातील ही दुसरी जागा होय. हा मान टिकविणे मात्र कोणत्याही यादीच्या हाती नसते. ते काठावर राहणाऱ्यांच्या आणि पाहावयास येणाऱ्यांच्या हाती असते.

खाल्ल्या मिठाला जागावे, असे मराठीत म्हणतात. लोणारने तर आपल्या मिठातून भाषेला एक नाव दिले, कथेला एक दैत्य दिला आणि विज्ञानाला एक अजब प्रयोगशाळा दिली. त्या मिठाला जागायचे, तर एवढेच करावयाचे आहे, की जे पाणी खारे आहे ते खारेच राहू द्यावे.